नियम अकरा, पोटनियम ग

नियमावली मीच टंकली, म्बारारात, त्या वर्षी.
वीज गेली की थांबायचं, आली की पुढचा नियम.
एकूण एकवीस. पहिला असा:
वॉर्डात प्रचार नाही.
आजाऱ्याच्या उशाशी कुणी कुणाचं नाव घेणार नाही
त्याच्या स्वतःच्या नावाखेरीज.

(ही शेवटची ओळ डीननी खोडली. म्हणाले, नियमात कविता नको.
मी ती परत घातली. दुसऱ्यांदा त्यांनी वाचलंच नाही.)

शवागाराच्या दारावर पोस्टर लावू नये,
हा चौथा, म्झे बितारिहोंच्या सांगण्यावरून.
तीस वर्षं ते दार त्यांनी उघडलंय, लावलंय,
आणि आदल्या निवडणुकीत कुणीतरी तिथे चिकटवलं होतं:
उठा, वेळ आली आहे.

फाटकापाशी मिळणारी अंडं गुंडाळलेली चपाती
मतदाराला फुकट खिलवू नये.
कारुहांगाने विचारलं, आणि मित्र उपाशी असेल तर?
तर सहानंतर.
बोडाबोडांची मिरवणूक, पिपाण्या वगैरे
अतिदक्षता विभागापासून दोनशे पावलं लांब.
कुणाची पावलं, ते लिहायचं राहिलं.

शाई डाव्या अंगठ्याला.
शस्त्रक्रियेला उभं राहणाऱ्यांच्या डाव्या घोट्याला,
कारण हात कोपरापर्यंत घासायचे असतात
आणि आमची शाई घासून जात नव्हती.
आमची तेवढी एकच गोष्ट पक्की.

अकरा: जे कामावर असतील त्यांच्याकडे पेटी जाईल.
ग: पाचच्या ठोक्याला पेटी बंद.

पेटी म्हणजे लसींचा जुना निळा डबा,
झाकणाला सुरीने पाडलेली फट.
मी आणि निनसीमा तो धरून प्रसूतिकक्षात शिरलो
तेव्हा पाचला वीस कमी होती.
ओरिकिरिझा, शेवटच्या वर्षाची, दोन्ही हात गुंतलेले,
मान न वळवता म्हणाली, थांबा.
बाई कण्हत नव्हती,
रुन्यांकोलेत कुणाला तरी शिव्या देत होती,
एकेक शिवी निवडून.
आम्ही डबा घेऊन भिंतीकडे तोंड करून उभे.

मुलगी झाली.
ओरिकिरिझाने भिंतीवरचं घड्याळ मोठ्याने वाचलं,
चार एकावन्न. दाईने लिहून घेतलं.
मग हातमोजे, मग साबण, मग पाणी, मग कागद.
घडी घालून तिने तो पुढे केला तेव्हा
भिंतीवर चार अठ्ठावन्न
आणि माझ्या मनगटावर पाच वाजून सात.
मी फटीवर हात ठेवला.
मत पाकिटात घातलं, वेगळं, आणि पाकीट खिशात.

मोजणी शरीररचनेच्या दालनात, पुसलेल्या टेबलांवर.
आठला संपली. अकांक्वासा दोनशे बारा मतांनी पुढे.
एका मताने कुणाचं काही हलणार नव्हतं
म्हणूनच आम्ही साडेदहापर्यंत भांडलो.

कारुहांगाने नियमावर बोट ठेवलं,
शाईने माखलेलं: पाच म्हणजे पाच.
निनसीमा म्हणाली, ते घड्याळ नऊ मिनिटं मागे आहे
हे अख्ख्या जिल्ह्याला ठाऊक आहे,
आणि निम्मा जिल्हा त्याच घड्याळाने जन्मलाय.
तूसुद्धा.
मग आता दाखले फाडायचे?
कारुहांगा गप्प झाला, पण बोट उचललं नाही.

तेवढ्यात ती स्वतःच आली, जेवायला निघालेली,
दाराला टेकून म्हणाली, कोण?
अकांक्वासा, आम्ही सांगितलं.
बरं, म्हणाली.
मग आम्हीच विचारलंय असं समजून:
तीन किलो शंभर.

सतराव्या नियमाप्रमाणे मतपत्रिका वर्षाने जाळल्या.
बावीसावा नियम मी त्याच रात्री टंकला,
घड्याळ प्रसूतिकक्षाचं धरावं,
आणि मध्येच वीज गेली.

पाकीट कोटाच्या खिशात राहिलं होतं.
अजून आहे. चिकटवलेलंच.